परमिटवर राहून गेलेली ओळ

कुठलाही कागद हातात आला की काकू आधी चष्मा कपाळावर सरकवायच्या, कागद नाकाजवळ न्यायच्या आणि तर्जनी ओळीखाली धरून हळूहळू पुढे सरकवायच्या. मग तो कॉलेजचा कागद असो, बसच्या पासवरचे नियम असोत, नाहीतर गोठवलेल्या मटारच्या पिशवीवरची सूचना. वाचून झालं की तो आपल्याला परत द्यायच्या आणि विचारायच्या, "शेवटची ओळ वाचली का वं?"

आपण वाचलेली नसायचीच. शेवटची ओळ कोण वाचतं?

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. बहुतेक कचेरीच्या खिडकीमागे. काकू तशाच एका खिडकीमागे सव्वीस वर्षं बसल्या होत्या. अकोल्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेश अर्ज तपासायचं काम. चूक सापडली की लाल पेनानं 'त्रुटी' लिहायचं आणि अर्ज परत. एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि खिडकीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. एडमंटनच्या कॉलेजात, लहान मुलांच्या शिक्षणाच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला. पहिल्यांदा व्हिसा नाकारला गेला होता. दुसऱ्यांदा अर्ज केला, मिळाला. मुलीचं लग्न होऊन ती पुण्यात सुखात होती. "आता माझा नंबर," एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं म्हणे.

मी सांगलीची, तेव्हा तेवीस वर्षांची. एका पंजाबी कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये आम्हा दोघींना शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. मी पहिल्याच दिवशी त्यांना "काकू" म्हटलं. त्या म्हणाल्या, "काकू कशाची? एकाच कॉलेजात आहोत आपण." पण मी म्हणत राहिले आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

कॉलेजच्या स्वागत समारंभात दारावरच्या मुलीनं अदबीनं त्यांना उजवीकडची रांग दाखवली. तिथे मुलांना सोडायला आलेले आईवडील बसले होते. काकू जाऊन बसल्या, शेजारच्या बाईंशी दहा मिनिटं छान बोलल्या, पाणी प्यायल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. उठून परत दारापाशी गेल्या आणि त्या मुलीला इंग्रजीत म्हणाल्या, "मी पालक नाही. मी विद्यार्थिनी आहे. माझी पिशवी मला द्या." नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजचं नाव छापलेली कापडी पिशवी मिळत होती. दोन वर्षं त्यांनी तीच वापरली.

दोघींनाही अर्धवेळ काम हवं होतं. मला कॉफीच्या दुकानात मिळायच्या बेतात होतं. काकूंना तर त्यांच्या मनासारखंच सापडलं होतं. घरापासून तीन थांब्यांवर एक डे-केअर होतं. तिथल्या डायरेक्टरबाईंना दुपारच्या वेळेला मदतनीस हवी होती. काकूंची भेट झाली, मुलं त्यांच्या गुडघ्यांना चिकटली, बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "सिन नंबर घेऊन या, सुरुवात करू."

सिन नंबर म्हणजे इथे काम करायचं तर सरकारकडून घ्यायचा तो आकडा. तो असल्याशिवाय कुणी रीतसर नोकरीवर ठेवत नाही. आम्ही दोघींनी ठरवलं, वर्ग सुरू झाले की पहिल्या मोकळ्या सकाळी जायचं.

काकूंनी तयारी अशी केली की जणू मुलगी पाहायला माणसं येणार आहेत. आदल्या संध्याकाळी कुर्त्याला इस्त्री झाली. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्ट, स्टडी परमिट, कॉलेजचं पत्र, घरभाड्याचा करार, प्रत्येकाच्या दोन प्रती. माझाही फोल्डर त्यांनीच लावला. सकाळी बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "सव्वीस वर्षं लोकांचे कागद पाहिले. आज कोणी माझे पाहणार. मले तर बाप्पा मजाच वाटते." आनंदात असल्या की त्यांच्या 'मला'चं असं 'मले' व्हायचं.

कचेरीत माझा नंबर आधी लागला. दहा मिनिटांत नऊनं सुरू होणारा आकडा छापलेलं पत्र घेऊन मी खुर्चीवर परत आले. मग काकू गेल्या. समोरच्या तरुण अधिकाऱ्यानं त्यांचं परमिट वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं. मग आवाज खाली आणून काहीतरी सांगितलं. काकूंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या वाचताना चष्मा डोळ्यांवर घेत नसत. म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

मी जवळ गेले. विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर काम करता येईल असं सांगणारी एक ओळ परमिटवर असावी लागते. माझ्या परमिटवर ती होती. काकूंच्या परमिटवर नव्हती. विमानतळावर परमिट छापताना कुणाच्या तरी नजरेतून ती सुटली होती. तो अधिकारी भला होता. काकूंचा अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे, त्यामुळे ती ओळ मिळायला हरकत नसावी, दुरुस्तीसाठी ऑनलाइन विनंती करा, त्याला फी पडत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. पण तोपर्यंत सिन नंबर नाही, आणि काम नाही.

परत येताना काकूंनी बसमध्ये ते परमिट पुन्हा ओळ न् ओळ वाचलं. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "त्या दिवशी विमानतळावर घाईत वाचायचं राहिलं. तरी मी दुसऱ्या दिवशी सगळं परमिट वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं." मग म्हणाल्या, "जे छापलंच नाही ते कसं वाचणार वं?"

मला हसू येत होतं आणि रडूही. मी त्यांचा फोल्डर माझ्या मांडीवर घेतला.

त्या संध्याकाळी त्यांनी डायरेक्टरबाईंना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, हॅलोविनपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत, मी जागा ठेवते, त्यानंतर मला दुसरं कुणी पाहावं लागेल. आमच्या हातात सहा-सात आठवडे होते.

आता विनंतीपत्र लिहायचं होतं. काकूंनी पहिला मसुदा तयार केला तो दीड पानांचा. 'मी आपली अत्यंत नम्र विद्यार्थिनी' इथपासून सुरुवात होती आणि शेवटी आयुष्यभर ऋणी राहण्याचं वचन होतं. मी म्हटलं, "काकू, इथे असं नाही लिहीत. तीन ओळी पुरे. काय चुकलं, काय हवंय, सोबत काय जोडलंय."

"काहून? मायना नाही?"

"नाही."

"निदान 'कृपया' तरी राहू दे."

'कृपया' ठेवलं. विनंती पाठवली. त्यानंतर काकू रोज सकाळी चहा गॅसवर ठेवायच्या आणि उकळी येईपर्यंत लॅपटॉपवर इमिग्रेशनच्या साइटवरचं त्यांचं खातं उघडून पाहायच्या. नवीन काही नाही असं दिसलं की चहात साखर घालायच्या आणि कॉलेजला निघायच्या. तक्रार म्हणून कधी केली नाही.

याच दिवसांत इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही गेलो. तिथे जेवणाचं कंत्राट ज्याच्याकडे होतं तो माणूस काकूंशी हिंदीत बोलायला लागला. त्याचा बँक्वेट हॉल होता. काकूंनी पुरणपोळीबद्दल त्याला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यामुळे तो खूश होता. म्हणाला, "आंटीजी, शनिवार-रविवार माझ्या किचनमध्ये या. सिन-बिन काही लागत नाही. रोख देतो. इथे सगळे विद्यार्थी तसंच करतात."

काकूंनी त्याला शांतपणे विचारलं, "माझं नाव कुठे लिहिणार?"

"कुठेच नाही. तेच तर सोपं आहे."

"हाताला भाजलं तर मी तिथे होते हे कोण सांगेल?"

तो हसला. "आंटीजी, भाजेल कशाला?"

"आणि उद्या कुणी परमिट काढून घेतलं तर तुम्ही परत देणार का?"

तो पुढच्या ताटात भात वाढू लागला. काकू म्हणाल्या, "पुरण थोडं कोरडं करा, म्हणजे पोळी फुटणार नाही," आणि ताट घेऊन पुढे गेल्या. मी मात्र मागे रेंगाळले. मला वाटत होतं, दोन महिन्यांचाच तर प्रश्न होता. मी तसं घरी येऊन म्हटलंही. शिवाय म्हटलं, "निदान डे-केअरमध्ये बिनपगारी जाऊन बसा. पगार नाही म्हणजे ते काम नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारी संकेतस्थळावरचं एक पान छापून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, एरवी ज्या कामाला पगार मिळतो ते फुकट केलं तरी ते कामच धरलं जाऊ शकतं. "वाचलं का?" म्हणाल्या. "मी इथे माघारी जायला नाही आले."

मग त्यांनी वाट पाहायचं रीतसर काम सुरू केलं. डे-केअरच्या कामासाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागणार होता, तो काढून ठेवला. मुलांची इंग्रजी गाणी पाठ केली. बेसमेंटच्या भिंती पातळ, त्यामुळे ती माझीही पाठ झाली. वरच्या मजल्यावर घरमालकांची चार वर्षांची नात होती. काकूंनी घरमालकिणीला विचारून तिला सरावासाठी मागून घेतलं. इथे हिवाळ्यात मुलांना बाहेर नेण्याआधी जाड स्नोसूट, बूट, टोपी, हातमोजे असं सगळं चढवावं लागतं. आमच्या भागात एवढे कपडे आजवर कुणी एका वेळी घातलेले नाहीत. काकू त्या पोरीला जिन्याच्या पायरीवर बसवायच्या आणि घड्याळ लावायच्या.

"पहले जूते या पहले सूट?" काकू हिंदीत विचारायच्या.

"सूट फर्स्ट. यू ऑलवेज फर्गेट," पोरगी इंग्रजीत सांगायची.

पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली आणि डावा बूट उजव्या पायात गेला. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काकू चार मिनिटांवर आल्या होत्या. पोरगी कंटाळून पळून जायची तेव्हा माझ्यावर प्रयोग व्हायचा.

माझी नोकरी तोवर सुरू झाली होती. कॉलेज चालू असताना आठवड्याला चोवीस तासांची मर्यादा. एका आठवड्यात दुकानातल्या मॅनेजरनं मला आणखी दोन शिफ्ट घ्यायला सांगितल्या. मला नाही म्हणवेना. नवीन होते, भीती वाटत होती. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "ऊठ. मी मॅनेजर. बोल माझ्याशी."

त्या स्टुलावर बसल्या, हाताची घडी घातली आणि इंग्रजीत गुरकावल्या, "शनिवारी येणार की नाही?"

"सर, म्हणजे, मला आवडेल, पण..."

"'मला आवडेल' काहून म्हणते? तुला कुठे आवडतं? पुन्हा."

आठव्या वेळेला माझ्या तोंडून नीट वाक्य आलं. माझी चोवीस तासांची मर्यादा भरली आहे, पुढच्या आठवड्यात मी येऊ शकेन. दुसऱ्या दिवशी खऱ्या मॅनेजरला मी ते सांगितलं. तो म्हणाला, "ओह, राइट. थँक्स फॉर टेलिंग मी." झालं, एवढंच. मी घरी धावत आले आणि काकूंना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी कांदाभजी केली. स्वतःचं काम अडलेलं होतं आणि माझ्या एका वाक्यासाठी भजी.

ऑक्टोबर सरत आला. खात्यात परमिटच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाल्याचं दिसलं, पण नवीन परमिट टपालानं यायचं होतं. काकू रोज टपालपेटीपाशी जायच्या. डायरेक्टरबाईंना त्यांनी दर सोमवारी फोन करून परिस्थिती सांगितली होती. शेवटच्या सोमवारी बाई म्हणाल्या, "शुक्रवारी मला ठरवावंच लागेल."

गुरुवारी मी दुपारी घरी आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. ओट्यावर पाकीट होतं. बंद. शेजारी भाजी चिरायची सुरी.

"उघडलं का नाही?"

"तू आलीस की उघडू म्हटलं."

मी पाकीट उघडलं. परमिट बाहेर काढून त्यांना देऊ लागले तर त्यांनी घेतलं नाही. "तू वाच. मोठ्यानं वाच."

मी मोठ्यानं वाचलं. नाव, जन्मतारीख, कॉलेज. काकू प्रत्येकाला मान डोलवत होत्या. खाली आले आणि ती ओळ सापडली. अटी पाळल्यास कॉलेजच्या आत किंवा बाहेर काम करता येईल. मी ती दोनदा वाचली. काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आणखी एकदा."

तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत त्यांनी एका पायात बूट घातला होता.

"कुठे निघालात? तीन वाजायला आलेत."

"चारपर्यंत उघडं असते. चल."

बाहेर त्या मोसमातला पहिला बर्फ पडत होता. काकूंनी आयुष्यात कधी बर्फ पडताना पाहिला नव्हता. एरवी त्या अर्धा तास तोंड वर करून उभ्या राहिल्या असत्या. पण त्या दिवशी त्यांनी एकदा वर पाहिलं, "बरं, बरं, नंतर," असं त्या बर्फालाच म्हणाल्या आणि बसथांब्याकडे निघाल्या. एक्कावन्न वर्षांची बाई नव्या बुटांत, कोट नीट न लावता, फोल्डर छातीशी धरून भराभर चालते आहे आणि मी मागून "काकू, घसराल, हळू" म्हणत धावते आहे. बस आम्हाला वळणावर दिसली. काकूंनी हात वर करून तिला असं थांबवलं की ड्रायव्हरही हसला.

आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेचारला दहा मिनिटं कमी होती. खिडकीत दुसरीच अधिकारी होती. तिनं परमिट वाचलं, पासपोर्ट पाहिला, काहीतरी टाइप केलं. काकू दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्या होत्या. छापील पत्र बाहेर आलं. तो आकडा जपून ठेवा, कुणालाही सांगू नका, असं तिनं बजावलं. मी जवळ जाऊन "बघू" म्हटलं तर काकूंनी पत्रावर तळहात ठेवला.

"तुला पण नाही दाखवायचं. तिनं सांगितलं आत्ता."

"काकू, मी आहे."

"तू असली म्हणून काय झालं?"

मग दारातच, बाहेरच्या थंडीत जायच्या आधी, त्यांनी डायरेक्टरबाईंना फोन लावला. पलीकडून मुलांचा कल्ला ऐकू येत होता. काकूंनी घसा साफ केला आणि त्यांच्या स्वच्छ, एकेक शब्द सुटा करणाऱ्या इंग्रजीत म्हणाल्या, "मॅडम, मी तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांपासून काम करू शकते."

पलीकडून हसू आलं. मग बाई म्हणाल्या, "तर मग सोमवारी एक वाजता या. मी उद्या दुसऱ्या बाईंना फोन करणार होते."

काकूंनी फोन ठेवला. तिथल्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदाच, सगळ्या आठवड्यांत पहिल्यांदाच, रडल्या. फार नाही. नाक पुसून म्हणाल्या, "चल. आता तो बर्फ पाहू." आम्ही दोन बस सोडल्या. काकू फुटपाथवर हात पसरून उभ्या होत्या आणि तळव्यावर पडलेली बर्फाची प्रत्येक पाकळी मला आणून दाखवत होत्या. ती माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत वितळायची.

सोमवारी त्या कामाला गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा केसांत निळा रंग होता. सगळ्यात आधी सांगितलं ते हे की कामावर रुजू होताना चार फॉर्म भरावे लागले. "चार," त्या म्हणाल्या, एखाद्यानं चार पदार्थांचं जेवण सांगावं तशा. मग बाकीचं सांगितलं. एका मुलानं दुपारी त्यांचं बोट सोडलंच नाही. दोन स्नोसूट साडेतीन मिनिटांत झाले.

ही बातमी कॉलेजात पसरली. मग रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये नवीन आलेली पोरं-पोरी कागद घेऊन यायला लागली. मराठी, गुजराती, एक नेपाळी मुलगी, एकदा दोन नायजेरियन मुलं. काकू सगळ्यांना चहा द्यायच्या, परमिट बघायच्या. ती ओळ असली की "जा, सिन काढ" म्हणायच्या. नसली की तीन ओळींचं पत्र आणि 'कृपया'. ज्या गोष्टीला वकील लागतो असं वाटलं ती त्या हातात घ्यायच्या नाहीत. "हे माझ्या खिडकीचं नाही," म्हणून सरळ कॉलेजच्या सल्लागाराकडे पाठवायच्या. लाल पेन मात्र त्यांनी भारतातच ठेवलं होतं.

दोन वर्षं अशी गेली. डिप्लोमा झाला. पुढचं कामाचं परमिट आलं, या वेळी सगळ्या ओळींसकट. एडमंटनच्या उत्तरेला पाच तासांवर एका लहान गावात नवीन डे-केअर उघडत होतं, तिथे त्यांना पूर्ण वेळची जागा मिळाली. आता त्या तिथेच असतात. फोन येतो, पण थोडा वेळ. मागे नेहमी कुणीतरी रडत किंवा गात असतं. बेसमेंटमधल्या त्यांच्या खोलीत आता दुसरी मुलगी राहते. ती फार शांत आहे, चांगली आहे. रविवारी दारावर कुणी येत नाही.

त्या जायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. जून होता. मी बसनं कामावर निघाले होते. डे-केअरजवळच्या चौकात बस थांबली आणि थांबूनच राहिली. मी पुढे वाकून पाहिलं. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवरून नऊ-दहा चिमुकली मुलं चालली होती. प्रत्येकाच्या मुठीत एकाच लांब दोरीची एकेक कडी, डोक्यावर वेगवेगळ्या रंगांच्या टोप्या. आणि सगळ्यांच्या पुढे, नारिंगी जाकीट घालून, काकू. त्या उलट्या चालत होत्या, पाठीमागे एकेक पाऊल टाकत, म्हणजे सगळी मुलं नजरेसमोर राहावीत. एक हात बसकडे उंचावलेला होता. ओठ हलत होते, मुलं मोजत असाव्यात, नाहीतर गात.

मधेच एका मुलाची टोपी पडली. सगळी रांग थांबली. काकू खाली बसल्या, टोपी झटकली, त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याच्याशी काहीतरी बोलल्या. आमच्या बसमागे गाड्या उभ्या होत्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. मी काचेवर टकटक केलं, हात हलवला, पण त्यांनी बसकडे पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष दोरीच्या टोकाकडे होतं. तिथे सगळ्यात लहान मुलगी अजून रस्त्याच्या मधोमध होती आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होती. ती पलीकडच्या फुटपाथवर चढली, तेव्हा कुठे काकूंनी बसकडे उंचावलेला हात खाली घेतला.